चिनी बाईचा दर्जा बदलला का? आधी कागद बघा

प्रश्न आला आहे तो असा: "माओंनी बायकांना ‘अर्धं आभाळ’ दिलं असं आपण ऐकत आलो. मग आज तिथलं सरकार ‘लग्न करा, मुलं होऊ द्या’ म्हणत तरुण मुलींच्या मागे का लागलंय? चिनी स्त्रीची परिस्थिती नक्की सुधारली की नाही?" विचारणारी मुलगी चिनी भाषेच्या पहिल्या वर्षाला आहे. प्रश्न इतका सरळ आहे की दोन ओळींत उत्तर देणं लबाडी ठरेल.

सुधारली, आणि आपण इथे बसून समजतो त्यापेक्षा पुष्कळ जास्त सुधारली. पण एकसारखी वर चढत गेली नाही. मी बरीच वर्षं दुभाषी म्हणून चिनी कारखान्यांत आणि व्यापारी बैठकांत बसते आणि उरलेल्या वेळात आधुनिक चीनचा इतिहास शिकवते. या दोन्ही कामांतून एक कसोटी माझ्या हाती लागली. घोषणा बाजूला ठेवायच्या आणि कागद बघायचे. मजुरीच्या वहीवर, जमिनीच्या करारावर, घराच्या खरेदीखतावर तिचं नाव आहे का? पैसा कुणाच्या हातात पडतो? चिनी राज्यकर्त्यांना बाईची गरज कधी शेतात राबायला पडली, कधी लोकसंख्या रोखायला, आता लोकसंख्या वाढवायला पडते आहे. गरजेप्रमाणे दारं उघडली आणि पुन्हा लोटून घेतली गेली. मधल्या काळात जे तिच्या स्वतःच्या हाती आलं, ते मात्र काढून घेणं कुणालाही सोपं गेलेलं नाही.

सुरुवात नावापासूनच करू. जुन्या चीनमध्ये वांगांची मुलगी चांगांच्या घरी दिली की ती ‘चांग-वांग शी’ व्हायची, म्हणजे चांगांच्या घरात आलेली वांगांची लेक. घराण्याच्या वंशावळीतही तिची नोंद एवढीच. चिनी बायका नवऱ्याचं आडनाव लावत नाहीत याचं आपल्याकडे काहींना फार कौतुक असतं. त्यांनी ही दुसरी बाजूही बघावी. माहेरचं आडनाव राहायचं, पण तिला स्वतःला हाक मारायला नावच उरायचं नाही. १९५३ साली मतदार याद्या करायला कार्यकर्ते गावोगाव फिरले, तेव्हा कितीतरी प्रौढ बायकांना कागदावर लिहिण्याजोगं नाव पहिल्यांदा मिळालं.

पाय बांधण्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण ती प्रथा का टिकली आणि का मोडली हे सहसा सांगितलं जात नाही. पाच-सात वर्षांच्या मुलीची अंगठा सोडून बाकीची चार बोटं तळव्याखाली दुमडून पट्ट्यांनी आवळायची, ती आयुष्यभरासाठी. सौंदर्याची कल्पना, चांगलं स्थळ मिळण्याची आशा ही कारणं खरीच. पण अलीकडच्या संशोधनात गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांशी बोलून आणखी एक गोष्ट पुढे आली: पाय बांधलेली मुलगी एका जागी बसून सूत कातायची, विणायची, दोर वळायची. घरातल्या पोरीचे हात म्हणजे कमाई होती. गिरणीचं सूत बाजारात आलं, हातसुताला भाव राहिला नाही, तशी तिला बसवून ठेवण्यातली किफायतही गेली. खांग यौवेइसारख्या सुधारकांच्या सभा, १९०२ ची सम्राज्ञी त्सशीची आज्ञा, १९१२ च्या प्रजासत्ताकाची बंदी, शान्शी प्रांतात तिथला लष्करी सत्ताधीश येन शीशान याचे दंड आणि पाय तपासायला घरोघर जाणारे निरीक्षक, या सगळ्याचा वाटा आहेच. तरी माझं मत असं की बाजारानं जे पोकळ केलं होतं तेच कायद्यानं पाडलं. ज्यांचे पाय अर्ध्यात सोडवले त्या बायका पुढे आयुष्यभर चपट्या बुटांच्या टोकात कापूस कोंबून चालल्या. त्या पायांना लोक ‘मुक्त पाय’ म्हणायचे. पुढच्या इतिहासातल्या मुक्तीची चालही बरीचशी तशीच आहे.

आता एक भाग जरा सावकाश सांगते, कारण तो कम्युनिस्टांच्या आधीचा आहे आणि बहुतेक लेखांतून गळतो. कँटनजवळचा पर्ल नदीचा त्रिभुज प्रदेश, त्यातला शुन्द हा तालुका. तुतीचे मळे आणि रेशीम. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे वाफेवर चालणाऱ्या रेशीम गिरण्या निघाल्या आणि कोशातून धागा सोडवायचं काम तरुण मुलींच्या हाती आलं. रोख मजुरी मिळू लागली. या भागात एक विधी रूढ झाला. एरवी लग्नाच्या वेळी मोठी बाई नवरीची वेणी सोडून अंबाडा घालते. या मुली देवासमोर आणि मैत्रिणींसमोर स्वतःच्या हातानं आपले केस वर बांधायच्या आणि जन्मभर लग्न न करण्याची शपथ घ्यायच्या. गावाला जेवण द्यायच्या. त्यानंतर तिला कुणी स्थळ आणायचं नाही. घरचे लोक हे चालवून घेत, कारण तिची मजुरी माहेरात राहत होती.

१९३० च्या मंदीत रेशमाचा बाजार बसला. गिरण्या बंद पडल्या तशा यातल्या अनेक जणी सिंगापूर-मलायात गेल्या, श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकीण आणि दाई म्हणून. पांढरा सदरा, काळी विजार, मागे अंबाडा; जुन्या सिंगापूरच्या फोटोंत त्या हमखास दिसतात. पैसा भाच्यांच्या शिक्षणाला आणि माहेरच्या घराला पाठवत राहिल्या. पण एक अडचण होती. लग्न न केलेल्या मुलीनं माहेरच्या घरात शेवटचा श्वास घेणं अशुभ मानलं जाई. म्हणून त्यांनी वर्गणी काढून शुन्दमधल्या च्युनआन इथे म्हातारपणी राहायला स्वतःची इमारत बांधून घेतली, १९५० च्या सुमाराला. ती आजही उभी आहे. माहेर आपल्या कमाईवर उभं राहिलं तरी आपल्याला मरायला तिथे जागा नाही, हे त्यांना नीट ठाऊक होतं. म्हणून त्यांनी आपल्या नावाची भिंत बांधली. चिनी स्त्रीमुक्तीची गोष्ट मी शिकवायला घेते तेव्हा राजधानीतल्या जाहीरनाम्यांच्या आधी ही इमारत दाखवते.

जाहीरनामे अर्थात होतेच. जपानमध्ये शिकून आलेली, बायकांसाठी नियतकालिक काढणारी छिऊ चिन. तिला १९०७ साली शाओशिंगमध्ये छिंग राजवटीनं शिरच्छेद करून मारलं. १९१९ च्या विद्यार्थ्यांच्या ‘चार मे’ चळवळीनंतर पेकिंग विद्यापीठानं १९२० मध्ये मुलींना प्रवेश दिला. चांगशा शहरात त्याच १९१९ साली एका मुलीनं नको असलेल्या लग्नाच्या मेण्यातच जीव दिला. तेव्हा विशीत असलेल्या माओंनी त्या एका घटनेवर लेखांमागून लेख लिहिले. राष्ट्रवादी सरकारच्या १९३० च्या दिवाणी कायद्यानं मुलीला वारसाहक्क दिला. शहरी, शिकलेल्या घरांच्या बाहेर त्याची झळ फारशी पोचली नाही.

कम्युनिस्टांकडे येताना मराठी वाचकाला ओळखीचं एक नाव घेते. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले हे आपल्याला पाठ असतं. त्यांच्या पत्नीबद्दल आपण ‘एक चिनी परिचारिका’ यापलीकडे जात नाही. कुओ छिंगलान ही शान्शी प्रांतातली, परिचर्येचं रीतसर शिक्षण घेतलेली. जपानी फौजांनी शहरं घेतल्यावर ती शहर सोडून कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेच्या डोंगराळ तळावर आली आणि कॅनडाचे डॉ. बेथ्यून यांच्या नावानं चालणाऱ्या वैद्यकीय शाळेत शिकवू लागली. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांनी लग्न केलं. परदेशी माणूस, मध्यस्थ नाही, आईबापांनी ठरवलेलं नाही. दहा वर्षांपूर्वी तिच्या प्रांतात कुणी ऐकूनही घेतलं नसतं. पुढच्या वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. डिसेंबर १९४२ मध्ये कोटणीस गेले. ती २०१२ पर्यंत जगली. युद्धानं आणि कम्युनिस्ट तळांनी अशा शिकलेल्या मुलींना जागा करून दिली, यात शंका नाही.

पण कम्युनिस्टांच्या तळांवर आधीपासून दुसरीही गोष्ट घडत होती. च्यांगशी सोव्हिएत म्हणजे दक्षिणेतला त्यांच्या ताब्यातला मुलूख; तिथल्या १९३१ च्या नियमांनी नवराबायकोपैकी कुणीही एकानं मागितला तरी घटस्फोट द्यायचं ठरवलं. १९३४ मध्ये त्यात अपवाद घातला गेला: लाल सैनिकाच्या बायकोला नवऱ्याची संमती लागेल. सैनिक बायकोच्या काळजीनं पळून जाऊ लागला तर लढायचं कोणी? हा अपवाद १९५० च्या कायद्यात आला, १९८० च्या कायद्यात राहिला, आणि २०२१ पासून लागू झालेल्या दिवाणी संहितेतही, नवऱ्याची गंभीर चूक नसेल तर, कायम आहे. नव्वद वर्षं टिकलेलं एक कलम. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते, चिनी राज्य बाईकडे कसं बघतं हे समजायला एवढं कलम पुरे. लेखिका तिंग लिंग हिने १९४२ च्या महिलादिनाच्या निमित्तानं येनआन या कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर हेच दुखणं छापून मांडलं, लग्न न केलेली पक्षकार्यकर्ती टवाळीचा विषय होते आणि लग्न केलेली मुलंबाळं झाल्यावर ‘मागासलेली’ ठरते. तिला माफीच्या सुरात माघार घ्यावी लागली.

१ मे १९५० चा विवाह कायदा मात्र खरोखर मोठा होता. नव्या राजवटीनं अगदी पहिल्या वर्षात आणलेला. बालविवाह, जबरीचं लग्न, दुसरी बायको ठेवणं, मुलीच्या लग्नापायी पैसा घेणं बंद. विधवेच्या पुनर्विवाहाला आडवं यायचं नाही. बाईला स्वतःचं नाव लावायचा हक्क कलमातच लिहिलेला. गावाकडे त्याला लोक ‘काडीमोडाचा कायदा’ म्हणू लागले. एकट्या १९५३ सालात कोर्टांपुढे घटस्फोटाची दहा लाखांहून जास्त प्रकरणं गेली. त्याची किंमतही बायकांनीच मोजली. पैसे मोजून आणलेली बायको जाते म्हणून शेतकरी चिडले, सासवा चिडल्या, गावातले कार्यकर्ते पुष्कळदा त्यांच्याच बाजूचे. हजारो बायकांचे खून आणि आत्महत्या झाल्या. १९५३ नंतर पक्षानं मोहीम आवरती घेतली, कारण शेती सामुदायिक करायची तर शेतकऱ्याला दुखवून चालणार नव्हतं.

सामुदायिक शेतीतल्या बाईचं चित्र बघायचं तर शान्शीतल्या पिंगशुन तालुक्यातलं शिकौ गाव. तिथे दिवसभराच्या कामाला पुरुषाला दहा श्रमगुण आणि बाईला पाच. शेन चीलान नावाच्या तरुणीनं बायकांना गोळा केलं आणि शेतात खत टाकायच्या कामात पुरुषांशी पैज लावली. बायका मागे पडल्या नाहीत, आणि दहाला दहा घेतले. ‘समान कामाला समान मजुरी’ ही घोषणा तिच्या नावाशी जोडली गेली. १९५४ च्या पहिल्या राष्ट्रीय लोकसभेपासून २०२० मध्ये मरेपर्यंत ती प्रत्येक लोकसभेची सदस्य होती. एवढ्या वर्षांत एकदाही विरोधी मत दिलं नाही, हे ती स्वतः अभिमानानं सांगे. तिच्याबद्दल आदर वाटतो आणि हसूही येतं.

शिकौ अपवाद होतं. बाकी देशात बाईला सहा-सात गुण, फार तर आठ, हाच दर पुढे तीस वर्षं चालला. आणि इथे कसोटी लावा. गुण वहीत तिच्या नावापुढे लिहिले जात. वर्षअखेरीस धान्य आणि रोकड मिळायची ती कुटुंबप्रमुखाला. ती राबली हे नोंदलं गेलं, पैसा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या हातात गेला. १९५८ च्या ‘मोठी उडी’ या माओंच्या उत्पादनवाढीच्या मोहिमेत सामुदायिक भटारखाने आणि पाळणाघरं निघाली, दुष्काळात बुडाली. घरचा स्वयंपाक, कपडे शिवणं, बुटांचे तळवे टाचणं हे सगळं रात्री दिव्याखाली तिच्याच वाट्याला. साठ-सत्तरच्या दशकांत ताचाय या आदर्श ठरवलेल्या गावातल्या ‘लोखंडी पोरीं’ची पोस्टरं देशभर लागली, तेव्हाही त्या पोरी घरी आल्यावर चूल कोण पेटवतो हे पोस्टरवर नव्हतं. तरी मी या काळाला नुसतं फसवणूक म्हणणार नाही. बाईनं घराबाहेर काम करणं ही लाजेची गोष्ट राहिली नाही. हा बदल मनात इतका खोल गेला की आजही चिनी बाईला ‘नोकरी करतेस का?’ असं कुणी विचारत नाही, ‘काय काम करतेस?’ असंच विचारतात. साक्षरता आणि गावपातळीवरची बाळंतपणाची सोय हेही याच काळाचं देणं.

१९८० च्या सुमाराला सामुदायिक शेती मोडली आणि जमीन कसायला कुटुंबाच्या नावानं दिली गेली. पुन्हा कुटुंब, म्हणजे पुन्हा पुरुषाचं नाव. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली की माहेरचं गाव म्हणायचं तुझा वाटा संपला, सासरचं गाव म्हणायचं पुढच्या वाटपापर्यंत थांब. घटस्फोट झाला तर दोन्हीकडून गेली. ‘दिलेली लेक म्हणजे फेकलेलं पाणी’ ही तिथली जुनी म्हण. शहरं पसरली, गावच्या जमिनी सरकारनं घेतल्या, लाखो युआनची भरपाई गावकऱ्यांत वाटली जाऊ लागली तेव्हा हा वाद पेटला. गावची सभा बहुमतानं ठराव करते, ‘बाहेर दिलेल्या मुलींना वाटा नाही’, आणि कोर्टं पुष्कळदा म्हणतात की हा गावाचा अंतर्गत मामला.

एक-मूल धोरणाचं बहुतेकांना एकच टोक दिसतं. सक्तीचे गर्भपात, नसबंदी, दंड, सोनोग्राफी करून मुली पाडणं, हे सगळं खरं. २००४ मध्ये शंभर मुलींमागे १२१ मुलगे जन्मत होते. गर्भलिंगनिदानावर चीननं १९९४ च्या कायद्यानं बंदी घातली. महाराष्ट्रानं तसा कायदा १९८८ मध्येच केला होता, आणि दोन्हीकडे मशीनवाले डॉक्टर कायद्याला पुरून उरले, तेव्हा आपण नाक वर करण्यात अर्थ नाही. पण शहरांत या धोरणाचा उलटाही परिणाम झाला, धोरण आखणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसलेला. घरात एकच मूल आणि ती मुलगी. भाऊच नाही. मग शिकवणीचे पैसे, आजीआजोबांचे लाड, बापाची महत्त्वाकांक्षा, पुढे घर, सगळं तिच्यावर. आज चीनच्या महाविद्यालयांत निम्म्याहून जास्त मुली आहेत. काही विद्यापीठांनी काही अभ्यासक्रमांना मुलींसाठी जास्त गुणांची अट ठेवली, तेव्हा २०१२ मध्ये कँटनमध्ये काही तरुणींनी रस्त्यावर डोकं भादरून निषेध केला. कोणत्याही मुक्तिमोहिमेनं दिलं नसतं ते भाऊ नसण्यानं दिलं, हे वाक्य कडू आहे, पण मला तरी आकडे दुसरं काही सांगत नाहीत.

खेड्यातल्या मुलीची वाट वेगळी. पहिली मुलगी झाली तर दुसरं चालेल अशी सवलत बहुतेक प्रांतांत होती, म्हणजे तिला बहुधा धाकटा भाऊ असायचाच. ती पंधरा-सोळाव्या वर्षी गाडीत बसून शेन्झेन किंवा तुंग्वानला जायची. एका खोलीत आठ-दहा जणींचे दोनमजली पलंग, बारा तासांची पाळी, सुरुवातीला ओळखपत्र मालकाकडे. नोव्हेंबर १९९३ मध्ये शेन्झेनमधल्या चिली खेळणी कारखान्याला आग लागली. खिडक्यांना गज आणि दारांना कुलपं. ८७ कामगार मेले, जवळपास सगळ्या तरुण मुली. चीनचा पहिला कामगार कायदा १९९४ मध्ये झाला त्यामागे अशा दुर्घटनांचा धक्का होता.

तरीही त्या जात राहिल्या, आणि का ते आकड्यांत दिसतं. १९९० च्या दशकात चीनच्या खेड्यांत बायकांच्या आत्महत्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त होतं. जगात असं फार थोड्या ठिकाणी आढळतं. पुढच्या दोन दशकांत ते झपाट्यानं उतरलं. अभ्यासक जी कारणं देतात त्यात एक ठळक आहे: तरुण सुना सासूच्या अंगणातून निघून शहरात गेल्या.

निंगबोच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत विक्री सांभाळणारी एक बाई माझ्या नेहमीच्या कामातली. चाळिशी ओलांडलेली, हनानमधल्या खेड्यातली, सोळाव्या वर्षी लाइनवर लागलेली. भावावरून घासाघीस चालली की पुण्याहून आलेले आमचे साहेब लोक तिच्या वरिष्ठाला शोधत राहतात, आणि शेवटी कळतं की तीच शेवटचं बोलणार आहे. जेवताना तिनं एकदा फोनमध्ये गावच्या घराचा फोटो दाखवला. तीन मजली, पुढे फरशा लावलेलं. पहिले दोन मजले तिच्या पाठवलेल्या पैशांवर चढलेले. घर भावाच्या नावावर. तिला त्याचा राग नव्हता, "त्याचं लग्न कसं झालं असतं?" एवढंच म्हणाली. मग दुसरा फोटो, निंगबोतला दोन खोल्यांचा फ्लॅट. "हा माझ्या नावावर," असं म्हणून तिनं नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही, तो शेजारीच मासा सोडवत होता.

सरकारी कारखान्यांतल्या बायकांचं मात्र याच काळात मोडलं. १९९० च्या अखेरीस कारखाने बंद झाले, कामगार कमी केले, त्यात चाळिशीच्या बायका आधी घरी गेल्या. कारखान्याची पाळणाघरंही गेली. पक्षाच्याच महिला महासंघाच्या पाहण्यांप्रमाणे १९९० मध्ये शहरातली बाई पुरुषाच्या कमाईच्या ७७.५ टक्के कमवत होती. २०१० मध्ये ६७.३ टक्के. खेड्यात हाच आकडा ७९ वरून ५६ वर आला. देश श्रीमंत होत गेला त्याच वीस वर्षांत. ‘सुधारली की नाही’ या प्रश्नाचं एक उत्तर हो आणि एक नाही का, ते इथे कळेल.

आता लग्नाकडे. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी जाऊन बघण्यासारखं आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना उघड्या छत्र्या जमिनीवर ठेवलेल्या, प्रत्येक छत्रीवर टाचलेला कागद. जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, शांघायचा हुकौ, म्हणजे तिथली सरकारी कुटुंबनोंदणी, आहे का, घर आहे का. छत्रीमागे घडीच्या स्टुलावर आई किंवा बाप. ज्यांचं लग्न ते कुठेच नाहीत. पुष्कळदा त्यांना ठाऊकही नसतं. मुलींचे कागद जास्त, आणि शिक्षणाच्या ओळी बघून छाती दडपते. तिशीच्या आतबाहेरच्या या शिकलेल्या मुलींसाठी ‘उरलेल्या बायका’ हा शब्द २००७ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या नव्या शब्दांच्या यादीत आला आणि महिला महासंघानंही तो बिनदिक्कत वापरला. बायकांच्या नावानं चालणारी संस्थाच मुलींना ‘फार निवड करू नका’ सांगत होती.

घर आहे का, ही ओळ का महत्त्वाची? ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विवाह कायद्याचा अर्थ लावून सांगितला की लग्नाआधी एकानं कर्ज काढून घेतलेलं आणि त्याच्याच नावावर असलेलं घर घटस्फोटात साधारणपणे त्याचंच. दुसऱ्यानं हप्ते भरले असतील तर भरपाई. आईबापांनी आपल्या मुलाच्या नावावर घेऊन दिलेलं घर त्या मुलाचं. चीनमध्ये घर मुलाकडच्यांनी घ्यायची रीत, मुलीकडचे सजावट, गाडी, सामान बघतात. वीस वर्षांनी घराची किंमत दहापट, सामान भंगारात. या निकालानंतर खरेदीखतावर आपलं नाव चढवण्यासाठी मुलींनी धरलेला हट्ट पैशाचा लोभ म्हणून हिणवला गेला. मला तो शुन्दच्या बायकांनी बांधलेल्या इमारतीच्या जातीचा वाटतो.

तर मग सरकार मागे का लागलंय? २०१३ मध्ये चीनमध्ये सुमारे १ कोटी ३५ लाख लग्नं नोंदली गेली. २०२४ मध्ये सुमारे ६१ लाख. २०२२ पासून लोकसंख्या घटते आहे. २०१६ ला दोन मुलं, २०२१ ला तीन मुलं असं दार उघडलं, कुणी आत गेलं नाही. एकुलत्या एक म्हणून वाढलेल्या मुलीला चार म्हातारे सांभाळायचेत, नोकरीच्या मुलाखतीत ‘मूल कधी?’ हा प्रश्न आहे, आणि मूल सांभाळायला आहे ती पन्नाशीत निवृत्त झालेली आई किंवा सासू. त्यात २०२५ पासून निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्यानं वाढवायला घेतलंय, कामगार बायकांचं ५० वरून ५५. म्हणजे फुकट पाळणाघरही आटणार. तीन वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ३६०० युआन देण्याची योजना आली आहे. शांघायमधल्या मैत्रिणींच्या गटात त्यावर जे विनोद फिरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

बायकांनी स्वतः संघटित होऊन बोलणं मात्र राज्याला चालत नाही. २०१५ च्या महिलादिनाआधी बसमधल्या छेडछाडीविरुद्ध पत्रकं वाटायच्या तयारीतल्या पाच तरुणींना पकडून ३७ दिवस ठेवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदाही संमत झाला, ज्यासाठी अशाच कार्यकर्त्या वर्षानुवर्षं झगडल्या होत्या. २०२२ च्या सुरुवातीला शूचौजवळच्या एका खेड्यात गळ्यात साखळी घातलेली, आठ मुलांची आई सापडली. ती कोण, कुठली, हे सांगायला सरकारला पाच निवेदनं काढावी लागली, आणि लग्नाच्या दाखल्यावरचं नाव तिचं नव्हतंच. त्या दिवसांत चिनी इंटरनेटवर दुसरा विषय नव्हता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात निवडलेल्या पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या नेतृत्वमंडळात, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच, एकही बाई नाही. त्याहून वरच्या स्थायी समितीत तर ती कधीच नव्हती.

मे २०२५ पासून लग्न नोंदवायला हुकौची पुस्तिका लागत नाही, ओळखपत्र पुरतं. परदेशी वाचकाला हा कारकुनी बदल वाटेल. पण ती पुस्तिका आईबापांच्या कपाटात असायची, आणि नको त्या मुलाशी लग्न ठरवलेल्या मुलींना ती चोरून आणावी लागायची. आईबापांच्या हातातली ही किल्ली मुलींनी कितीही मागितली असती तरी सुटली नसती. लग्नं घटली तशी सुटली. उलट बाजूही बघा. बीजिंगच्या एका अविवाहित बाईनं स्वतःची बीजांडं गोठवून ठेवायची परवानगी मागितली, रुग्णालयानं लग्नाचा दाखला मागितला. २०२२ मध्ये ती हरली, २०२४ मध्ये अपिलातही. मुलं हवीत, पण नवऱ्यासकट.

तू अभ्यासाला विषय शोधते आहेस असंही लिहिलं आहेस. पॉलिटब्युरो आणि घोषणा यांवर पुष्कळ लिहून झालंय. ग्रामीण सामुदायिक संस्थांचा नवा कायदा १ मे २०२५ ला लागू झाला. लग्न होऊन गेलेल्या, घटस्फोट झालेल्या किंवा विधवा बाईचं गावच्या संस्थेतलं सभासदत्व तेवढ्या कारणानं काढता येणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. गावची सभा तसा ठराव करणार आणि कोर्ट अंतर्गत मामला म्हणणार, ही पळवाट आता बुजते की नाही, ते एखाद्या तालुक्यातले निकाल काढून बघ. कँटनच्या ग्वांगतुंग प्रांतापासून सुरुवात कर. जमिनीची भरपाई तिथे मोठी, आणि त्यामुळे भांडणारी लेकही.